मूठ बदलावी, हात बदलू नये

मराठीत 'डावलणे' असे एक क्रियापद आहे. एखाद्याला डावीकडे टाकून आपण पुढे निघून जाणे, हा त्याचा भाव. अमक्याला नेमणुकीत डावलले, तमक्याला मानपानात डावलले, अशा तक्रारी आपण रोज ऐकतो. पण ज्या 'डाव्या'वरून हा शब्द आला त्याची तक्रार कोणी ऐकत नाही. 'डावे-उजवे करणे' म्हणजे पक्षपात करणे. 'उजवा ठरणे' म्हणजे सरस ठरणे. किरकोळ काम असेल तर तो 'डाव्या हाताचा मळ'. भाषेनेच जणू निकाल देऊन टाकला आहे. आपल्या वऱ्हाडात तर डावखुऱ्या पोराला सरळ 'डेबऱ्या' म्हणतात. नाव काहीही ठेवलेले असो, शाळेत आणि गल्लीत त्याची तीच ओळख.

शंभर माणसांत सुमारे दहा माणसे डावखुरी असतात. म्हणजे पन्नास जणांच्या वर्गात चार-पाच तरी असणारच. या चार-पाच जणांचे जगात कसे चालते, याचा विचार उजव्या हाताच्या माणसाला सहसा करावा लागत नाही. कारण कात्री त्याच्या हाताची, खुर्चीची फळी त्याच्या बाजूची आणि वाढलेले ताटही त्याच्याच सोयीचे. या लेखात मी असल्या सगळ्याच वस्तूंचा पाढा वाचणार नाही. एकाच लहानशा वस्तूविषयी लिहिणार आहे, आणि ती म्हणजे नेमबाजीच्या पिस्तुलाची मूठ.

राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी, कापसाच्या आणि सोयाबीनच्या मुलखात, पिस्तुलाच्या मुठीचे काय काम, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याने थोडी आठवण करावी. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात राष्ट्रीय छात्र सेनेत दाखल झाल्या आणि त्या वाटेने नेमबाजीत आल्या. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले आणि २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेतही त्याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक घेणारा स्वप्नील कुसाळे हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडी या खेड्यातला. तेव्हा नेमबाजी हा केवळ राजेरजवाड्यांचा आणि शहरी क्लबांचा खेळ राहिलेला नाही. पॅरिसनंतर तर आपल्याकडचीही मुले-मुली या खेळाची चौकशी करू लागली आहेत. त्यांच्यापैकी शंभरातली दहा डावखुरी असणार, हे उघड आहे.

माझ्या एका वर्गमैत्रिणीची हकिकत सांगतो. ती पक्की डावखुरी. मागच्या सुट्टीत ती एका मोठ्या शहरात मामाकडे गेली होती. घराजवळच नेमबाजीचे एक सराव केंद्र होते. मामाने हौसेने नाव घातले. तेथील हवेची पिस्तुले सामायिक वापराची, आणि सगळ्यांच्या मुठी उजव्या. शिकविणारे गृहस्थ वाईट नव्हते. ते म्हणाले, "आमच्याकडे डावी मूठ नाही. तू उजव्यानेच शीक, होईल सवय." तिने उजव्याने प्रयत्न केला. मग डाव्या हातात तीच उजवी मूठ धरून पाहिली. एका विक्रेत्याकडे चौकशी केली, तर डावी मूठ परदेशातून मागवावी लागेल, पैसे आधी भरावे लागतील, आणि केव्हा येईल ते सांगता येणार नाही, असे उत्तर मिळाले. कोणाकडची वापरलेली एक मूठ पाहायला मिळाली; पण ती मोठ्या मापाची, पुरुषी पंजाची. तेवढ्यात सुट्टी संपली. परत आल्यावर ती मला म्हणाली, "मला काही नेमबाजी जमत नाही, असं मी घरी सांगून टाकलं."

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. उणीव होती लाकडाच्या तुकड्यात. ती जमा झाली मुलीच्या खात्यात. डावखुऱ्यांच्या बाबतीत हे असेच होते. वस्तू चुकीची आहे असे कोणी म्हणत नाही. हात चुकीचा आहे असे सगळे म्हणतात, आणि हळूहळू त्या हाताचा मालकही तसेच म्हणू लागतो.

आता ही मूठ म्हणजे काय प्रकार आहे ते थोडे समजून घेऊ. स्पर्धेतल्या पिस्तुलाची मूठ म्हणजे नुसता धरायचा दांडा नव्हे. ती बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते आणि पंजाच्या आकारावर बेतलेली असते. उजव्या मुठीत डाव्या बाजूस अंगठा टेकायला पन्हळ असते. तळव्याच्या पोकळीत बसावा असा उजव्या बाजूस फुगवटा असतो. बोटांच्या वळणाप्रमाणे खोलगट जागा असतात. तळहाताची खालची कड टेकावी म्हणून तळाशी एक छोटी फळी असते; ती वरखाली सरकवता येते. अशी मूठ डाव्या हातात दिली की सगळेच उलटे होते. अंगठ्याला त्याची पन्हळ सापडत नाही, फुगवटा तळव्याऐवजी बोटांखाली येतो, आणि खालची फळी भलत्याच ठिकाणी टोचते. उजव्या पायाचे पायताण डाव्या पायात घालून शर्यत धावावी तसा हा प्रकार.

एवढ्याने काय बिघडते? हिशोबच मांडून पाहू. १० मीटर हवाई पिस्तुलाच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे असते. पिस्तुलावरील मागची खाच आणि पुढची माशी यांतील अंतर ३३ सेंटिमीटर धरले, तर माशी खाचेच्या मानाने अवघा १ मिलिमीटर सरकली तरी १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर दूर जातो. दहा गुणांऐवजी सात! आणि स्पर्धेत असे ६० छर्रे मारायचे असतात. प्रत्येक वेळी हात मुठीवर अगदी त्याच जागी, त्याच दाबाने बसला पाहिजे. हे काम मूठ करते. पिस्तूल एकाच हाताने, हात लांब करून धरायचे असते. दुसऱ्या हाताचा आधार नियमाने वर्ज्य आहे. तेव्हा त्या एका हाताला मूठच बसत नसेल, तर नेमबाजाने करायचे तरी काय?

म्हणूनच उजव्या हाताचे कसलेले नेमबाजही दुकानातून आणलेली मूठ तशीच वापरत नाहीत. कुठे कानशीने घासतात, कुठे लाकडाची लांबी भरतात, आणि आपल्या पंजाशी ती तंतोतंत जुळवून घेतात. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. चांगली मूठ ही प्रत्येकाची वेगळीच असते. मग डावखुऱ्याने आपल्या हाताची मूठ मागितली, तर तो खास सवलत मागतो असे का समजावे? उजव्याला जे मिळते तेच तो मागतो आहे.

दुसऱ्या खेळांशी तुलना केली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. क्रिकेटची बॅट घ्या. तिला डावे-उजवे नाही. ज्याने जशी धरली तशी ती चालते. म्हणून क्रिकेटमध्ये डावखुऱ्यांना कधी तोटा झाला नाही. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकणारे अजित वाडेकर डावखुरे फलंदाज होते. १९६४ साली मद्रासच्या कसोटीत सलग २१ निर्धाव षटके टाकणारे बापू नाडकर्णी डाव्या हाताचे गोलंदाज होते. सांगलीची स्मृती मानधना तर एरवी उजव्या हाताची, पण फलंदाजी डाव्या हाताने करते. उलट टोकाला हॉकी आहे. तिथे काठीची डावी बाजूच सपाट असते आणि डावखुऱ्यांची काठी नियमानेच चालत नाही. हॉकी खेळायची तर सर्वांनी एकाच पद्धतीने काठी धरायची. ती त्या खेळाची अटच आहे, तक्रार करण्यात अर्थ नाही. पिस्तूल या दोहोंच्या मध्ये येते. त्याची मूठ एका हाताची असते खरी, पण कोणत्या हाताची असावी हे नियमांनी सांगितलेले नाही. युरोपातले नामांकित कारखाने डाव्या मुठी तयार करतात, त्याही लहान-मध्यम-मोठ्या मापांत. म्हणजे खेळाने डावखुऱ्याला दार बंद केलेले नाही. दार बंद आहे ते दुकानातल्या फळीवर आणि संस्थेच्या कपाटात. नऊ गिऱ्हाइके उजवी मूठ मागतात, म्हणून दहाव्यासाठी कोणी मूठ ठेवीत नाही.

डाव्या हाताने नेम साधतो का, असा संशय कोणाला असेल तर त्याने हंगेरीच्या कारोली ताकाच यांचे चरित्र वाचावे. हे लष्करातले गृहस्थ उजव्या हाताचे उत्तम पिस्तूलबाज. १९३८ साली सैनिकी सरावात हातबाँब हातातच फुटला आणि उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून सराव केला. १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिंपिक महायुद्धामुळे झालीच नाहीत. १९४८ साली लंडनला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, शीघ्र पिस्तूल प्रकारात ताकाच यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले आणि १९५२ साली हेलसिंकीला ते पुन्हा जिंकले. आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर हरियाणाचा मनीष नरवाल आहे. जन्मापासून त्याचा उजवा हात अधू. २०२१ साली झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पिस्तूल प्रकारात त्याने सुवर्णपदक मिळविले आणि २०२४ साली पॅरिसला १० मीटर हवाई पिस्तुलात रौप्य. या दोघांची गोष्ट सांगताना आपण जिद्दीचे गोडवे गातो, आणि ते योग्यच आहे. पण जिद्दीबरोबर त्यांच्या डाव्या हाताला बसणारे हत्यारही लागलेच असणार, हे आपण विसरतो. शिवाय, ज्याला डाव्या हाताशिवाय गत्यंतर नाही त्याची डावी मूठ आपल्याला पटते; ज्याचा डावा हात निसर्गतःच कुशल आहे, त्याला मात्र आपण उजव्या हाताची सक्ती करतो. यात कोणता न्याय?

आपल्याकडे या सक्तीच्या मागे धर्म आणि परंपरा उभी केली जाते. डाव्या हाताने देऊ नये, घेऊ नये, जेवू नये. त्या त्या काळच्या राहणीत यामागे स्वच्छतेचा विचार असेल. त्याचा उपहास करण्याचे कारण नाही. पण परंपरा एवढेच सांगते काय? आपण घरात बसवितो तो गणपती बहुधा डाव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा कडक म्हणून त्याला वचकून असतो. संस्कृतात 'वाम' म्हणजे डावा, तसाच 'वाम' म्हणजे सुंदरही. आणि वर्धा नदीपलीकडच्या सेवाग्रामला जाऊन कोणाला सूत कातताना पाहावे. उजवा हात चाक फिरवितो. पण पेळूतून धागा काढण्याचे, त्याची जाडी आणि ताण सांभाळण्याचे नाजूक काम डावा हात करतो. ज्यांनी हा चरखा घरोघर नेला त्या गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज' बोटीवर लिहिताना, उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहिले होते. त्या पुस्तकाची डाव्या हाताने लिहिलेली पाने कमी पवित्र आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पुष्कळ शिक्षक म्हणतात की सुरुवातच करायची आहे तर उजव्या हाताने का करू नये? यात थोडे तथ्य आहे. नेमबाजीत हाताइतकाच डोळाही महत्त्वाचा. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक डोळा प्रमुख असतो. दोन्ही हात लांब करून पंजांच्या मध्ये लहान भोक ठेवावे, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरचा विजेचा खांब पाहावा, मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला खांब दिसत राहतो तो प्रमुख डोळा. एखादा डावखुरा मुलगा उजव्या डोळ्याचा निघाला, तर त्याने कोणत्या हाताने शिकावे याचा विचार जरूर करावा. दोन्ही करून पाहावे. पण हा निर्णय डोळा आणि हात तपासून झाला पाहिजे. माझ्या मैत्रिणीचा डोळा कोणी तपासला नाही. कपाटात कोणती मूठ आहे, एवढ्यावरून तिचा हात ठरविला गेला. माझा आक्षेप आहे तो एवढाच.

दुसरा आक्षेप पैशाचा. एका-दोघांसाठी वेगळे पिस्तूल कोठून आणायचे? पण वेगळे पिस्तूल लागतच नाही. मूठ ही सुटी करता येणारी वस्तू आहे; एकाच पिस्तुलाला आलटून पालटून दोन मुठी बसविता येतात. नवशिक्यांच्या काही पिस्तुलांना तर दोन्ही बाजूंनी सारखी, सपाट मूठ असते. ती कोणत्याच हाताला फार चांगली बसत नाही हे खरे, पण निदान ती अन्याय तरी करीत नाही. कोणत्या हाताने शिकायचे हे ठरेपर्यंत तिचा उपयोग होतो.

आणि मूठ परदेशातूनच यायला हवी काय? आपला यवतमाळ जिल्हा सागवानाचा. इथला सुतार कुऱ्हाडीचा दांडा, वखराची रुमणी, तिफणीचे चाडे डोळ्यांच्या मापाने घडवतो. आमच्या ओळखीच्या एका सुतारकाकांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी डावे-उजवे काही विचारले नाही. ते म्हणाले, "नमुना द्या आन् ज्याचा हात हाये त्याले घेऊन या." मला वाटते, आमच्या सगळ्या चर्चेत सर्वांत शहाणे वाक्य हेच होते. लाकूड कोणते टिकेल, सागवान की शिसव, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते. आपण त्यांना नियम तेवढे सांगायचे. मुठीचा कोणताही भाग पंजाच्या पलीकडे जाऊन मनगटाला टेकता कामा नये. मनगट मोकळे दिसले पाहिजे. तळहाताखालची फळी काटकोनापेक्षा वर वळलेली नसावी. आणि मुठीसकट सबंध पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. आतला भाग, जिथे लाकूड धातूच्या सांगाड्याला भिडते, तो मात्र मूळ मुठीशी ताडून अगदी बिनचूक करावा; तिथे ढिलाई राहिली तर बाहेरचे सगळे कोरीवकाम व्यर्थ. मूठ काढणे-बसविणे शिक्षकांच्या देखत, पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करूनच करावे आणि चापाला कोणीही हात लावू नये.

पहिली मूठ कदाचित ओबडधोबड होईल. दुसरी बरी होईल. पण गावात एकदा डावी मूठ तयार झाली की ती पुढच्या डावखुऱ्या मुलासाठी कपाटात राहील. आज त्या कपाटात उजवी मूठ आहे, ती तरी अशीच कोणाच्या तरी आधी येऊन राहिलेली आहे.

शेवटी आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. पिस्तूल सर्वांनाच चालवायचे नाही. पण परीक्षा सर्वांनाच द्यायची आहे. ज्या खुर्च्यांना लिहिण्यासाठी उजवीकडे फळी असते, त्यांवर बसून डावखुरा विद्यार्थी तीन तास अंग पिळून लिहितो. त्याचा कागद तिरपा, कोपर अधांतरी, आणि ओल्या शाईवरून तळहात सरकतो तो वेगळाच. त्याचे अक्षर वाईट म्हणून गुण कमी होतात, तेव्हाही उणीव असते फळीची आणि ती जमा होते त्याच्याच खात्यात.

म्हणून गुरुजनांना आणि मित्रांना माझी तीन मागणी आहेत, तिन्ही लहान. पुढच्या वेळी अशा खुर्च्या घेताना शंभरात दहा खुर्च्या डाव्या फळीच्या घ्याव्यात. तोवर परीक्षेत डावखुऱ्यांना साधी बाके द्यावीत. नेमबाजीत किंवा कोणत्याही खेळात नवा मुलगा आला, तर साधन हातात देण्याआधी "तुझा हात कोणता?" हा प्रश्न विचारावा. आणि वर्गातल्या 'डेबऱ्या'ला त्याच्या नावाने हाक मारावी.

माझी मैत्रीण येत्या दिवाळीत पुन्हा मामाकडे जाणार आहे. सुतारकाकांकडे द्यायला मुठीचा नमुना मिळतो का, याचा शोध चालू आहे. कोणा वाचकाकडे किंवा त्याच्या ओळखीच्या नेमबाजाकडे जुनी, वापरात नसलेली मूठ असेल, तर ती आठवडाभरासाठी द्यावी. उजवी असली तरी चालेल. डावी कशी करायची ते आम्ही पाहून घेऊ.